तिसऱ्या ओळीतला 'नी'

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… जरा मोठ्यानं बोला, आवाज तुटायलाय… हो, मीच राजनंदिनी. तेलगावची. शाळेत संगीत शिकवते तीच… तुमी कोण?

…मैनुद्दीन मास्तर? पाटोद्याचे, बँडवाले?

सलाम चाचा!… न्हाई न्हाई, येतंय ऐकू. आता लई चांगलं ऐकू येतंय. फोन कानापासून जरा लांब धरलाय मी.

चाचा, एक मिनिट… एकच मिनिट. खाली रेंज न्हाई, मी गच्चीवर जाते. तुमी बोलत राहा… हो, ऐकायलेय… 'चोरटी'… हो… 'मास्तरीण असून'… हो… जिना चढायलेय, बोला… अगं बाई! न्हाई, तुमाला न्हाई म्हणलं. कुरडयावर पाय पडला. आईनं आख्ख्या गच्चीवर घालून ठेवल्यात… मोडल्या ना चार. आता तीबी ओरडंल. दोघं मिळून ओरडा.

हां, आता बोला.

…हो. टाकली. तुमची चाल मीच टाकली, माझ्या साइटवर. तुमच्या वहीतलं पान, तुमच्या अक्षरातलं, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग हाय ते. मी न्हाई म्हणतच न्हाई.

चोरून न्हाई हो चाचा… म्हणजे… चोरूनच झालं ते. तुमचं बरोबर हाय. पण मला तवा तसं वाटलं न्हाई. मला वाटलं, फुकट वाटायलेय, कुणाकडून रुपया घेत न्हाई, म्हणजे पुण्याचंच काम हाय की. साइटवर मोठ्या अक्षरात लिहिलतं मी, 'बँडचं सर्व नोटेशन मोफत'. लई अभिमानानं लिहिलतं.

…हो ना. मोफत कुणाचं, तर तुमचं. आणि दान करणारी मी. दुसऱ्याच्या शेतातली ज्वारी गावाला वाटली आणि वरून हात जोडून फोटो काढला… न्हाई, तुमीच म्हणायलाव तेच म्हणते.

माझ्या मामानंबी हेच सांगितलं. बद्रीनाथमामा, बीडला वकील हाय. तो म्हणला, नंदे, चाल ज्यानं बांधली त्याचीच. कुठं नोंदवली पाहिजे असंबी न्हाई, बांधली तवाच ती त्याची झाली. विचारल्याशिवाय ती फुकटबी वाटता येत न्हाई… हो, वकिलानंच सांगितलं… त्याचा नंबर? कशाला?… केस करायला? चाचा, तो माझा मामा हाय!

ऐका ना. ऐका. काढलं मी ते पान. मामाचं ऐकलं आणि त्याच दिवशी काढलं. तुमचं एकट्याचं न्हाई, सहा मास्तरांच्या वह्या होत्या, सगळ्या काढल्या. आता साइट उघडली तर नुसती पाटी दिसती, 'परवानग्या घेणं चालू आहे'… मंग तुमाला कुणी सांगितलं?… कुणीच न्हाई? लग्नात कळलं? कोणत्या लग्नात?

मांजरसुंब्याच्या. रविवारच्या. बरं… वरात निघाली… हां… आणि दुसऱ्याच बँडनं तुमची चाल वाजवली. पाटोद्याची चाल… हो, माहीत हाय, सगळे तसंच म्हणतात तिला… मंग?

तिसरी ओळ आली… हां… 'ग'च्या जागी 'नी' वाजला? सगळ्यांचा? पंधरा माणसांचा एकदम?… आणि नवरदेवाची घोडी बुजली!… अगं माय… न्हाई चाचा, हसत न्हाई… हसायलेय, माफ करा, पण घोडी…

थांबा. थांबा थांबा. त्या पानावर 'नी'च होता की! मी पाहिलाय, तिसऱ्या ओळीत, ठळक. मलाबी खटकला होता. मी म्हणलं, एवढे मोठे मास्तर, काहीतरी कारण असंल…

मुद्दाम?

तुमी मुद्दाम खोटा सूर लिहिलता? स्वतःच्या वहीत?… प्रत्येक चालीत एक?… आणि सगळे जुने मास्तर असंच करायचे?… म्हणजे जो तुमच्याकडं येऊन चटईवर बसून शिकंल, त्याला खरा सूर तोंडानं सांगायचा. आणि जो नुसती वही पळवंल, तो भर वरातीत पकडला जाणार. काय म्हणता त्याला?… चोरखूण.

देवा रे देवा. मी सहा मास्तरांच्या वह्या चढवल्या चाचा, एकानंबी मला सांगितलं न्हाई!… तेबी खरंय. सांगितली तर ती चोरखूण कसली.

…किती जणांनी उतरवून घेतली? खरं सांगू? रागवू नका… आधीच रागावलाव, बरं. एकशे चाळीस… हॅलो? चाचा? हाव ना लाइनीवर?… एकशे चाळीस बँड न्हाई हो, एकशे चाळीस माणसं. एवढे बँड जिल्ह्यात हायत कुठं.

न्हाई, ती परत घेता येत न्हाई… न्हाई हो, इंटरनेट बंद करणं माझ्या हातात न्हाई.

मला पान कुणी दिलं?… ते नका विचारू… नाव सांगितलं तर तुमी त्याला… बरं सांगते, पण आधी पूर्ण ऐकायचं. मधी बोलायचं न्हाई. कबूल?

सिदूनं.

…हो, तुमचाच सिदू. क्लॅरनेटवाला… कबूल केलंत ना मधी बोलणार न्हाई म्हणून? शिव्या मागाहून द्या. दसऱ्यानंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो, कर्नाटकात. आता बी तिकडंच हाय. येतो एप्रिलमधी, आणि आला की लगेच लग्नसराई. तुमच्या चटईवर बसायला त्याला टाइम कधी हाय, सांगा बरं?… न्हाई ना? म्हणून यंदा जाताना वहीच्या पानाचा फोटो काढून नेला त्यानं. तिथं फडाशेजारी कोपीत, पाचटाच्या झोपडीत राहतात. दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर फोटो समोर धरून सराव करतो. क्लॅरनेट न्हाई नेलं, मोडंल म्हणून. उसाच्या कांडक्यावर बोटं फिरवतो, कांडक्यावर!… त्यानं मला पान पाठवलं आणि विचारलं, 'मॅडम, तिसऱ्या ओळीत काहीतरी चुकायलंय का?' म्हणजे त्याला कळलं होतं चाचा. मला कळलं न्हाई. मी म्हणलं, मास्तरांनी लिहिलंय ते बरोबरच असणार, आणि टाकलं साइटवर. चूक त्याची न्हाई, माझी हाय.

…चाचा?

…हो, उसाच्याच कांडक्यावर.

आता मी एक विचारू? रविवारी लोक काय म्हणले तिथं?… तुमी ऐकलं न्हाई, तुमी रागानं निघून गेलते. आमच्या शाळेतले रविराज सर होते त्या लग्नाला. शाळेत ते बोलले त्याचा अर्थ मला आत्ता लागला. सांगू ते काय म्हणले?… न्हाई, वाईट वाटंल तुमाला… बरं. लोक म्हणले, मैनुद्दीन मास्तर थकले वाटतं आता, चाल बिघडवली की.

…हो. तुमचंच नाव घेतलं. चोर कुणीच पकडला न्हाई चाचा. चोरखूण मास्तरांनाच कळती, लोकाला काय कळतंय? लोकाला एवढंच माहीत की चाल पाटोद्याची हाय आणि घोडी बुजली. मंग नाव कुणाचं गेलं?

…हळू, हळू. आता फोन नसता तरी ऐकू आलं असतं तेलगावात.

म्हणूनच म्हणते, खरं पान चढवू द्या. माझ्या मनानं न्हाई, तुमच्या सहीनं. मामाकडून कागद करून घेतलाय, एकच पान हाय, मला समजंल अशा मराठीत. प्रत्येक पानावर वर ठळक नाव. शिकायला, सरावाला खुलं. आमच्या शाळेतल्या पोरी, तिकडं कोपीत बसलेला सिदू, कुणीबी… आं? आणि जे सुपारी घेऊन वाजवतात ते? त्यांनी आधी विचारायचं, हो म्हणलं तरच वाजवायची, आणि सीझनला एकदा तुमी ठरवाल ते तुमच्याकडं पोचवायचं… तुमी ठरवाल ते, मी कोण ठरवणार… बोकडबी चालंल, मला काय!… आणि मन बदललं तर नुसता एक फोन करायचा, पान खाली. लगेच. लग्नात घोडी बुजायची वाट बघायची न्हाई.

चाचा, मनात हाय ते सांगूनच टाकते. हे सगळं तुमच्यावर अडलंय. बाकीच्या पाच मास्तरांकडं मी जाऊन आले, पाय धरून माफी मागितली. तुमच्याकडं यायचीच हिंमत झाली न्हाई. पाचीजण एकच म्हणले, मैनुद्दीनभाईनं सही केली तर आमीबी करू, त्यांनी न्हाई म्हणलं तर आमची वही विसर. तुमी न्हाई म्हणलात तर मी साइट बंद करणार. ती पाटीबी काढून टाकणार. दोन वर्षं घातलीत मी त्यात… न्हाई, दबाव न्हाई टाकत. खरं ते सांगितलं.

आणि शहादेव मास्तरांची वही बघितली का तुमी?… परवा पेटी उघडली त्यांनी माझ्यासमोर. वाळवी लागलीय. त्यांच्या हळदीच्या चालीची अर्धी पानं खाल्ली. उरलेली अर्धी त्यांना आठवंना. पेटीशेजारी बसून नुसती मांडीवर बोटं आपटायले, सूर काही येईना. मला लई वाईट वाटलं हो… हो, तुमची वही लोखंडी ट्रंकेत हाय, ठाऊक हाय. पण वाळवी काय तुमची चोरखूण वाचून परत जाणार हाय का?

…हसलात! हसलात तुमी, ऐकलं मी!

…करता? सही करता?… खरंच चाचा?… थांबा, थांबा, ठेवू नका फोन, परत लागायचा न्हाई. कागद खाली हाय. आई! ए आई! माझ्या पिशवीतला तो मामाचा कागद वर दे ना… अगं कुरडयांचं मंग सांगते, आधी कागद दे!… पेनबी!… आला, आला. हां.

मी भरते, तुमी सांगा. उद्या सकाळच्या एसटीनं येते सही घ्यायला. चालीचं नाव, 'पाटोद्याची चाल'. साल?… सहर दोन वर्षांची होती तवा. तुमची मुलगी ना? आता परभणीला असते ती?… म्हणजे पस्तीस वर्षं झाली? मंग नव्वदच्या आसपास धरते. आता पुढचा रकाना. 'चाल कोणी बांधली'. मैनुद्दीन… पूर्ण नाव सांगा, वडलांच्या नावासकट.

…चाचा?

…हॅलो? गेली का रेंज?… येतंय ना ऐकू? चाल कोणी बांधली, असं विचारायलेय… लिहिली तुमीच, ते दिसतंय की, अक्षर तुमचंच हाय. पण 'लिहिली' हा खालचा रकाना. मामानं दोन रकाने केलेत. म्हणला, चाल सुचणं येगळं, आणि ती पंधरा माणसाला वाजवता येईल अशी मांडून कागदावर उतरवणं येगळं. दोघांचाबी हक्क असतो… कावून? असं कावून विचारायलाव?

…कोण?

रहिमाबी चाची? तुमच्या घरच्या?

…सावकाश सांगा, ऐकायलेय… बँडचे कोट त्या शिवायच्या. हां… लाल कोट, सोनेरी लेस. पाय मशीनवर आणि तोंडात चाल… आणि तुमी शेजारी बसून लिहून घेतली… मंग लोक म्हणायला लागले, 'मास्तर, काय चाल बांधलीत!' आणि तुमी…

…नुसती मान हलवली. पस्तीस वर्षं.

मी कोणत्या तोंडानं बोलणार चाचा, मी तर एकशे चाळीस जणांला वाटून बसलेय… बरं केलंत पण सांगितलंत ते. मनापासून म्हणते… तुमचा रकाना हाय की तुमाला, खालचा. क्लॅरनेटला काय, ढोलाला काय, कुणी कुठं थांबायचं, ते सगळं तुमचंच डोकं. ते कोण काढून घेतंय?

हं? मागं कोण बोलतंय?… चाचीच? सगळं ऐकत होत्या?… द्या, द्या त्यांच्याकडं.

सलाम चाची! हो, नंदिनी… शेवया करायला बसलात? करा करा, हातचं थांबवू नका… अगं बाई, असं नका बोलू चाचांना. त्यांनी आपणहून सांगितलं की, चाल तुमची हाय म्हणून… त्याच्यावरून न्हाई? मंग कशावरून चिडलात?

…'नी'वरून!

…तुमाला माहीतच नव्हतं? वहीतलं तुमाला वाचता येत न्हाई… म्हणजे तुमच्या चालीत पस्तीस वर्षं खोटा सूर बसवून ठेवलाय, हे तुमाला आत्ता, ह्या फोनवर कळलं?… हो… हो… 'माझ्या लेकराचं नाक वाकडं केलं'… हो चाची… न्हाई, चोर धरायला केलं हो त्यांनी… बरं, तुमीच बघा त्यांच्याकडं. मी पडत न्हाई मधी.

पण माझं एक ऐका. चाल तुमची हाय, तर विचारायचंबी तुमालाच… 'मास्तरला विचार' नका म्हणू. मास्तरांचं मास्तरांना विचारलं. चालीचं तुमाला विचारायलेय. तुमची चाल मी लोकाला शिकायला देऊ का?

…चाची?

…रडायलाव का?… न्हाई, तुमाला कुणी विचारलं न्हाई, खरंय… पहिल्यांदाच?… नका हो. मलाबी… काही न्हाई, इथं गच्चीवर ऊन लई हाय… खोटं कशाला बोलू. मलाबी रडू आलं.

…सहरच्या लग्नातबी हीच वाजली? आणि तुमी आत बायकांत बसून ऐकली… आणि बाहेर पाहुण्यांनी चाचांच्या गळ्यात हार घातला. मंग? काय वाटलं तवा तुमाला?… 'चाल तर चांगली वाजली.' बस्स, एवढंच? लई मोठं मन हो तुमचं चाची… न्हाई?… आठ दिवस बोलला न्हाईत त्यांच्याशी! आणि त्यांना कावून ते अजून कळलं न्हाई!… कळलं आता. आत्ता ऐकलं असंल त्यांनी.

बरं, मंग देऊ ना?… द्या म्हणताय. पण अट हाय. सांगा, लिहून घेते… सिदूला खरा सूर सांगायचा. आजच… लेकरू तिकडं चुकीचंच घोकत बसलंय, हो ना… मी न्हाई सांगत, तुमीच म्हणा, मी तुमचा आवाज पाठवते त्याला. थांबा, रेकॉर्डिंग लावते… लागलं. म्हणा.

…

…

…चाची.

तिसऱ्या ओळीत काय अलगद खाली येतो हो तो 'ग'. मी आजवर ऐकली ती ही चाल नव्हतीच म्हणायची… आई जिन्यात येऊन उभी राहिलीय. ओरडायला आलती, तशीच थांबली.

अजून अट?… माइकवर नाव घ्यायचं. घेणार की! आमच्या शाळेतल्या पोरींच्या बँडनं वाजवली की पहिलं नावच घेणार. कसं घेऊ? 'रहिमाबी मैनुद्दीन'?… न्हाई?… 'रहिमाबी, पाटोदा'. बस्स. लिहिलं बघा. चाल बांधली, रहिमाबी, पाटोदा. मांडणी आणि लेखन, मैनुद्दीन मास्तर… हो, तुमचं वर, त्यांचं खाली… सही येती ना तुमाला?… बचत गटात दर महिन्याला करता, मंग काय! उद्या दहापर्यंत येते. शेवया ठेवा माझ्या वाटच्या. द्या चाचांकडं.

हां चाचा, ऐकलंत सगळं?… तुमचं नाव हाय की. बारीक न्हाई, दोन्हीला सारखंच अक्षर… शहादेव मास्तरांना तुमीच फोन करता? लई उपकार होतील. पाचीजणांना करा. आणि सांगा, वहीतले खोटे सूर आपापले काढून ठेवा, मी येतेय म्हणून.

…गुरुवारी? गुरुवारी सुपारी हाय तुमची? पाटोद्यातच? बरं मंग… हो, वाजवा की, त्यात काय… आं? मला विचारायलाव, 'ही चाल वाजवू का' म्हणून?

चाचा, सुपारी घेऊन वाजवणाऱ्यानं आधी विचारायचं, असंच कागदावर हाय. पण मला न्हाई! माझी कुठं हाय चाल? शेजारी शेवया करत बसल्यात ना, त्यांना विचारा.

…बसल्या बसल्याच म्हणल्या? काय म्हणल्या?

…सगळ्या जिल्ह्याला दिली, तुमचं बघते म्हणल्या!

न्हाई न्हाई, मी काहीच करू शकत न्हाई… वशिला चालत न्हाई इथं… वकिलानं केलाय कागद, मी कसा मोडू? गुरुवारला अजून दोन दिवस हायत, बघा, काही जमतंय का. बरं, ठेवू? उद्या येतेच… ठेवते चाचा.

…चाचा, फोन बंद करायचा राहिलाय तुमचा… हॅलो?… खालचं लाल बटण दाबा… हॅलो, चाचा?… मला सगळं ऐकू यायलंय हो…

'रहिमा… बजाऊं क्या?'

…विचारलं बाई ह्या माणसानं. पस्तीस वर्षांनी का होईना, विचारलं. मीच ठेवते आता.